आमची वाटचाल : क्रिम्पिंग टूलपासून लीज-स्क्रिप्टपर्यंत

नाशिकला कॅनडा कॉर्नरला जिन्याखालचा छोटा गाळा, केबलला कनेक्टर मारायचं क्रिम्पिंग टूल, पंचिंग टूल, केबल टेस्टर आणि एक जुना लॅपटॉप, एवढ्यावर आमचं नेटवर्किंगचं दुकान उभं राहिलं. पार्टनर केबलिंगचा राजामाणूस, सगळे त्याला अण्णा म्हणायचे. आरजे-४५, म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकाचा कनेक्टर, मारताना केबलचं जॅकेट (बाहेरचं आवरण) कनेक्टरच्या आत गेलंच पाहिजे, नाहीतर कापा आणि परत मारा, पोरं कितीही वैतागली तरी. सातपूरच्या शेडमधे त्याने मारलेली कनेक्शनं अजून हलत नाहीत, ऑइल आणि बुरादा खाऊनसुद्धा. राउटर माझ्याकडे. पहिल्यापासून मायक्रोटिक, लॅटव्हियाची कंपनी, पैसे कमी आणि आत सगळं मिळतं. लोक म्हणायचे कशाला एवढी डोकेफोड, बाजारातला पांढरा डबा, म्हणजे तयार घरगुती राउटर, लावून मोकळे व्हा. आम्ही नाही लावला.

मधली वर्षं एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारांवर, नीट गेली.

मग आलं २०१९. अंबड एमआयडीसीत आमचे एक शेठ आहेत, गाड्यांचे पार्ट बनवतात. सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनला, प्रोग्रॅम लॅनवरूनच (आतल्या नेटवर्कवरूनच) जातो, हजेरी मशीन, कॅमेरे, बिलिंग सगळं आमच्या नेटवर्कवर. कॅमेऱ्याचं काम मात्र आमच्याच लाइनमधल्या एकाने रेट पाडून घेतलं, नाव घेत नाही. ऐन मार्चएंडला सकाळी फोन, अर्ध्या पीसीला नेट नाही, माल पाठवायला लागणारं ई-वे बिल निघत नाही, गेटवर गाड्या उभ्या. आणि मी पोचायच्या आधीच हा कॅमेरेवाला तिथे हजर, शेठना सांगतोय की यांचा राउटरच गंडलाय, बदलून टाका.

रात्रभर चालू असलेले पीसी व्यवस्थित, सकाळी चालू केलेले बंद, इथेच मला वास आला. प्रत्येक पीसीला नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर ठरावीक वेळेपुरता देतो, त्याला लीज म्हणतात. चालू पीसी लीज रिन्यू करताना थेट आपल्याच सर्व्हरला विचारतो, पण नव्याने चालू झालेला ब्रॉडकास्ट टाकतो, म्हणजे सगळ्यांनाच विचारतो, आणि जो आधी उत्तर देईल त्याचं ऐकतो. विनबॉक्समधे, म्हणजे मायक्रोटिकच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममधे, लीजची यादी उघडली तर ओळखीची नावं बाउंडवरून (पत्ता चालू) वेटिंगला (पत्ता वापरात नाही) गेलेली. बिलिंगच्या पीसीवर बघितलं, आमची रेंज १९२.१६८.१० ने सुरू होणारी, त्याला मिळालेला १९२.१६८.०.१०४, गेटवे, म्हणजे बाहेर जायचा राउटर, १९२.१६८.०.१. एआरपीमधून, म्हणजे आयपी आणि मॅकच्या जोड्यांच्या यादीतून, त्या गेटवेचा मॅक (यंत्राचा स्वतःचा नंबर) घेतला, स्विचच्या टेबलमधे शोधला, पोर्ट १७. वायर धरून गेलो तर सिक्युरिटी केबिनच्या फॉल्स सीलिंगवर पांढरा डबा! पोर्ट कमी पडले म्हणून कॅमेरेवाल्याने स्विचसारखा लावलेला, वायर लॅन पोर्टला आणि डीएचसीपी चालू, म्हणजे तोही पत्ते वाटत होता. काढला, पीसी रीस्टार्ट केले, गाड्या सुटल्या.

काम झालं पण नाव गेलं. अंबडभर बोभाटा, यांच्या राउटरमुळे प्लांट बंद पडला म्हणून. एएमसी रिन्यू होईनात, जुनी बिलं अडकली, हाताशी आलेली पोरं सोडून गेली, त्यातच घरच्या अडचणीमुळे अण्णाला निफाडला द्राक्षबाग बघायला जावं लागलं. गाळ्याचं भाडं थकलं होतं. तेव्हा शेठनी बोलावून पूर्ण वर्षाच्या एएमसीचा चेक आगाऊ दिला, म्हणाले, "डबा तुम्ही काढला ते मी डोळ्यानं बघितलंय." हे उपकार मी विसरणार नाही, आणि त्या कॅमेरेवाल्याने एकदाही माफी मागितली नाही हेही विसरणार नाही.

त्याच पैशावर ऑटोमेशनला हात घातला. आधी प्रत्येक साइटवर डीएचसीपी अलर्ट, आपला सोडून दुसरा कोणी सर्व्हर उत्तर देताना दिसला की मेसेज. मग पायथनची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम), राउटरच्या एपीआयवरून, म्हणजे प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दारातून, लीज ओढते, आमच्या रजिस्टरशी मॅक जुळवते, ओळखीचा असेल तर मेक-स्टॅटिक करून, म्हणजे त्याचा पत्ता कायमचा ठरवून, कमेंट टाकते, "बिलिंग, खिडकीजवळ" अशी, म्हणजे नवीन पोरालाही कळतं कुठे जायचं. अनोळखी असेल तर टेलिग्रामवर आम्हाला कळवते. पण स्टॅटिक लीज स्वतःहून उडवायचा अधिकार स्क्रिप्टला दिलेला नाही. दिवाळीत प्लांट बंद असतो, मशीन दिसत नाही म्हणून साफसफाई केली की उघडल्यावर हजेरी मशीन भलत्याच आयपीवर जाणार आणि एचआर बोंबलणार. उडवणार माणूसच, विचारून.

या लाइनमधे नवीन असाल तर सांगून ठेवतो. गेस्टचं व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवरचं स्वतंत्र नेटवर्क, वेगळं आणि लीज तासाभराची, ऑफिसला आठ तास, क्लायंट चार तासाने आपणच रिन्यू मागतो. स्लॅश २४ मधे, म्हणजे नेहमीच्या छोट्या नेटवर्कमधे, २५४ च पत्ते असतात, लग्नाच्या हॉलला दिवसभराची लीज दिलीत तर जेवणाच्या आधीच पूल, म्हणजे वाटायचे पत्ते, संपेल. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खोटा मॅक दाखवतात, मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर त्याला स्टॅटिक करत बसू नका, रजिस्टर कचऱ्याने भरतं. मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच असेल तर डीएचसीपी स्नूपिंग चालू करा, म्हणजे परक्या सर्व्हरची उत्तरं स्विचच अडवतो, ट्रस्टेड फक्त राउटरकडचा पोर्ट. एपीआय ८७२९ पोर्टवर म्हणजे एसएसएलवरच (कूटबद्ध), तोही फक्त आपल्या ऑफिसच्या आयपीला उघडा.

शेठचं दुसरं युनिट आता सिन्नरला मुसळगावला झालंय, तिथलं सगळं काम आमच्याकडे, यावेळी कॅमेऱ्यासकट. अण्णा बागेतून वेळ काढून रॅक ड्रेसिंगला, म्हणजे रॅकमधल्या केबल नीट बांधायला, आला होता, पोरांची दोन कनेक्शनं कापायला लावली. आणि ज्याने डबा लावला होता त्याने मधे एका ओळखीच्या माणसाकडून आमची स्क्रिप्ट मागवली. दिली नाही.