प्लॅजिओक्लेजमधली भेग सापडली, पण आतलं क्वार्ट्ज कुठलं?

सापडली, राजेहो! शिलारस (वितळलेला खडक) पुरता गोठण्याआधीच पडलेली भेग शोधत होतो, ती. गुलाबी ग्रॅनाइटच्या स्लॅबच्या थिन सेक्शनमध्ये (सूक्ष्मदर्शकासाठी काचेवर चिकटवून घासलेल्या पातळ कापात) एक मोठा प्लॅजिओक्लेज (फेल्डस्पार गटातलं खनिज) आडवा तडकलाय. भेग क्वार्ट्जने भरलीय आणि स्फटिकाच्या कडेलाच संपते. बाहेर तिचा मागमूस नाही. १९९२ मध्ये भूवैज्ञानिक बुशे आणि सहकाऱ्यांनी दाखवलेल्या भेगांच्याच जातीची दिसतेय. ग्रॅनाइट बराचसा गोठलेला, एकमेकांना भिडलेले स्फटिक दाबाने फुटतायत आणि उरलासुरला शिलारस भेगेत ओढला जातोय. साबुदाण्याची खीर आळल्यावर दाणे दाण्याला अडतात, ती अवस्था. आर्झीने १९७८ मध्ये हा उंबरठा साधारण २० टक्के रसावर धरला होता. मला रोझेनबर्ग-हँडींचा २००५ चा ७ टक्क्यांचा जास्त पटतो, कारण एवढासा रस कणांच्या कडांनी जोडला गेला तरी खडकाची ताकद धाडकन घसरते.

आता घोडं अडलंय ते इथे: हे क्वार्ट्ज शिलारसातलं, की नंतर गरम पाण्याने आणून भरलेलं? भेगेतलं आणि बाहेरचं एकच स्फटिक असेल तर क्रॉस पोलर्सखाली (काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवक काचांमध्ये) काप फिरवताना दोन्ही एकदम विझायला, म्हणजे काळं पडायला हवं. पण बाहेरचं क्वार्ट्ज बुद्धिबळाच्या पटासारखं खणाखणाने विझतं! एक खण भेगेशी जुळतो, शेजारचा नाही. (तसा हा पटही आनंदाचाच, गोठणबिंदूच्या आसपासच्या तापमानात खडक दाबला गेल्याची खूण.) त्यात क्वार्ट्ज अजून पिवळसर, म्हणजे कापाची जाडी नेहमीच्या ३० मायक्रॉनच्या (०.०३ मिमी) वरच. आणखी घासायची भीती वाटते, कारण इतवारी बाजारातून आणलेल्या हजार नंबरच्या कार्बोरंडममध्ये (घासायच्या भुकटीत) जाडे कण निघतात. पाण्यात ढवळून, जाडं तळाशी बसू देऊन वरचं गढूळ पाणी तेवढं घ्या. आणि काप काचेला चिकटवायची इपॉक्सी पहाटेच लावा, मे महिन्यात दुपारी ती कपातच आळते.

पुढचा बेत स्लॅबवरच्या फेल्डस्पारांची दिशा मोजायचा होता. पण एकाच पृष्ठावरून काय कळणार? आधी काटकोनात दुसरा काप घेतो. थांबा, भेगेच्या कोड्यासाठी त्याहून सोपं! सेलोटेपचे थर (पोलर्सखाली त्यांनी रंग चढतो) काचेवर चिकटवून पोलर्सच्या मध्ये पंचेचाळीस अंशांत सरकवले तर? खणांमधला दोन-चार अंशांचा फरक रंगात फारसा उमटणार नाही, पण भेगेतला कण वेगळाच असेल तर रंग बहुधा वेगळा पडेल. रंग जुळला तरी पाण्यातून आलेलं क्वार्ट्ज जुन्यावरच वाढलं असू शकतं, हे आहेच. मात्र भेगेच्या तोंडाशी पोटॅश फेल्डस्पारसारखा एक धुरकट कण दिसतोय. शेवटचा शिलारस गोठताना क्वार्ट्जबरोबर तोही बनतो, म्हणून तो खराच फेल्डस्पार निघाला तर माझं माप शिलारसाच्या बाजूला. म्हणून दुसरा काप नंतर, आधी टेप.