घुमटाचं दुसरं तोंड

कौलांवर पाऊस कोसळायला लागला की ओपन-बॅक, म्हणजे उघड्या पाठीचा, हेडफोन काढून कपाटात ठेवावा. त्यातून बाहेरचं सगळं आत येतं, आणि गोव्यातल्या जुन्या घरात जून ते सप्टेंबर बाहेर असतो तो फक्त पाऊस. विलंबित ख्यालाच्या पहिल्याच आवर्तनावर पागोळ्या चढल्या की गायिकेनं कितीही जीव ओतलेला असो, सम पावसाची. हे ठाऊक असूनही माझ्यासारखी माणसं असल्या हेडफोनवर पैसे घालतात, आणि वर तो ‘वॉर्म’, म्हणजे उबदार, आवाजाचाच हवा म्हणून महिनोन्‌महिने घोळ घालतात.

हेडफोनच्या आत एक पातळ पडदा असतो. तो पुढे सरकून कानाकडे आवाज ढकलतो, तेव्हा मागच्या बाजूलाही तितकाच ढकलत असतो. बंद हेडफोनात हा मागचा आवाज वाटीत अडकतो, वाटीच्या भिंतीवरून परततो आणि मूळ स्वरात मिसळून त्याला कोंदटपणा आणतो. आत फोम भरून, वाटीचा आकार बदलून कंपन्या हा दोष पुष्कळ कमी करतात, पण तो पुरता जात नाही. ओपन-बॅकमध्ये वाटीच्या जागी जाळी असते. मागचा आवाज खोलीत निघून जातो. पुढे त्याचं काय झालं याच्याशी कानाला देणंघेणं नाही.

चवथीच्या आरतीला ज्यानं घुमट वाजवलंय त्याला हे वेगळं समजावायला लागणार नाही. भाजलेल्या मातीचं भांडं, त्याला दोन तोंडं. थोरल्यावर चामडं ताणलेलं, धाकटं उघडं. एका हाताची बोटं चामड्यावर चालतात आणि दुसऱ्या हाताचा तळवा मागच्या तोंडावर उघडझाप करतो. तळवा दाबला की बोल आतल्या आत राहतो, उचलला की तोच बोल घुमत ओसरीपर्यंत जातो. सगळी गंमत त्या दुसऱ्या तोंडाची. (पूर्वी चामडं घोरपडीचं असे. वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात, आणि २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. ‘पूर्वीचा नाद राहिला नाही’ ही कुरकुर मात्र दर चवथीला ऐकू येतेच.) हेडफोनवाल्यांना ते दुसरं तोंड उघडं ठेवण्याची अक्कल १९६८ मध्ये सुचली. सेनहायझर या जर्मन कंपनीनं त्या वर्षी एचडी ४१४ हा पहिला उघडा हेडफोन बाजारात आणला. कानावर पिवळ्या फोमच्या गाद्या, दिसायला खेळण्यातला वाटावा असा, आणि खपला एक कोटीच्या वर.

उघडेपणाची किंमत मोजावी लागतेच. पडद्याच्या पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींना भेटायला मोकळ्या झाल्या की अगदी खालचे सूर एकमेकांना खोडतात, त्यामुळे साधारण पन्नास हर्ट्झच्या (सेकंदाला पन्नास कंपनांच्या) खाली बहुतेक ओपन-बॅक हेडफोन हळूहळू हात आखडता घेतात. ख्याल ऐकणाऱ्याचं त्यात फारसं बिघडत नाही. पेटीवरच्या काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास येतो, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईची खर्जाची तार १०४. त्याच्या खाली आमच्या गाण्यात कुणी राहतच नाही.

माझ्या दिराच्या गाण्यात मात्र सगळी वस्ती तिथेच आहे. त्याचे कान वागातोरला, किनाऱ्यावरच्या ट्रान्स संगीतात घडलेले. त्याच्याकडे बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० आहे, तोही ओपन-बॅकच, आणि माझी सुरुवात त्याच्याच उसन्या हेडफोनवर झाली. ‘वहिनी, डिटेल बघा यात,’ असं म्हणून त्यानं तो माझ्या डोक्यावर ठेवला. मी लावलं केसरबाई केरकरांचं एक जुनं ध्वनिमुद्रण. केसरबाई आमच्याच फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेली. पृथ्वीबाहेर पोचलेला तो आवाज माझ्या कानाशी मात्र पोचेना, कारण मध्ये खरखर उभी. डीटी ९९० आठ हजार हर्ट्झच्या आसपास आवाज चांगलाच वर उचलतो. जुन्या तबकडीची खरखर त्या भागात भरपूर असते. नव्या ध्वनिमुद्रणात तिथे ‘स’ आणि ‘श’ची धार असते, तीही टोचू लागली. दीर ज्याला डिटेल म्हणत होता ते हे होतं. झांज, हाय-हॅट, सिंथचे तुषार असलं काही ऐकायचं असेल तर त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मला हवा असलेला तपशील निराळ्या मजल्यावर राहतो. मींड एका स्वरातून निघून दुसऱ्यात पोचते त्याच्या मधली वाट, तान घेण्याआधी छातीत भरलेला श्वास, डग्ग्यावर मनगट घासलं जातं तो घिस्सा. हे सगळं बहुतांशी आठ हजार हर्ट्झच्या पुष्कळ खाली घडतं. वरचे दिवे फार प्रखर लावले की ते दिसेनासं होतं.

म्हणून वॉर्म. म्हणजे शंभर-दोनशे हर्ट्झच्या भागात किंचित भर आणि अगदी वरच्या टोकाला किंचित उतार. दोन्हीकडे ‘किंचित’ महत्त्वाचं. विकणारे आणि विकत घेणारे दोघेही हे वॉर्म प्रकरण असं वर्णन करतात की त्यात जितकं जास्त तितकं चांगलं वाटावं. मुंबईला माझ्या चुलतभावाकडे ऑडिझीचा एलसीडी-२ आहे, प्लॅनर म्हणजे सपाट पडद्याचा. त्यावर पुरुषाचा आवाज असा भरदार येतो की पहिल्या मिनिटाला दुसरं काही नको वाटतं. पाचव्या मिनिटाला तानपुऱ्याकडे लक्ष गेलं. तार आणि घोडीच्या मध्ये दोरा सरकवून जवारी लावतात, ती कशासाठी? तारेतून वरचे स्वरांश उमलावेत म्हणून. त्या हेडफोनवर तो उमलण्याचा भाग मला मंदावल्यासारखा वाटला. शिवाय वजन अर्ध्या किलोच्या घरात. डोक्यावर अर्धा किलो ठेवून मारवा ऐकण्याइतकी माझी मान तयार नाही.

सगळेच म्हणतात, आम्हाला नैसर्गिक आवाज हवा. आपण गाणं नैसर्गिक ऐकलंय कुठे? देवळाच्या जत्रेला सभामंडपात, भोंग्यातून, साऊंडवाल्यानं हौसेनं सोडलेल्या इकोसकट. पणजीला कला अकादमीत दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात बसून, मारियो मिरांडांनी भिंतींवर रंगवलेल्या प्रेक्षकांच्या सोबतीनं ऐकलं ते खूपच चांगलं, पण तेही मायक्रोफोनमधूनच. गाणाऱ्याच्या गळ्यापासून थेट कानापर्यंत, मध्ये वायर नाही, असं गाणं माझ्यापुरतं एकच आहे: आमच्या गाण्याच्या बाई शिकवायला बसतात ते. चार हातांवर बाई, हातात तानपुरा, वर लाकडी माळा. त्या आवाजाला वरचा चकचकीतपणा अजिबात नाही. खर्ज भरायला लागल्या की बसलेल्या चटईखालची जमीन भरल्यासारखी वाटते, आणि तरी ओठ मिटण्याचा बारीक आवाजही ऐकू येतो. दोन्ही एकत्र. ऊब आणि तपशील यांत एक निवडा असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कुठल्या तरी बाईंच्या समोर चटईवर बसावं.

मी सेनहायझरचा एचडी ६५० घेतला. त्याचा थोरला भाऊ एचडी ६०० हा १९९७ चा, हा २००३ चा. दोघांचं वजन पाव किलोच्या आसपास. थोरला किंचित उजळ, धाकटा किंचित सावळा. तीन हजार हर्ट्झपाशी, जिथे माणसाचा कान सगळ्यात जागा असतो, तिथे दोघेही प्रामाणिक आहेत, म्हणून जवारी मरत नाही. निवड सोपी होती असं नाही, पण ऐकून बघायची सोय इथे मला सापडली नाही, त्यामुळे पर्याय फार उरले नाहीत हेही खरं.

आता वायरीचं आणि विजेचं. या दोघांचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) ३०० ओहम, आणि हा आकडा ऐकला की प्रत्येक जाणकार घाबरवतो: फोनवर वाजणारच नाही, मोठा अँप्लिफायर घ्या, नाहीतर पैसे पाण्यात. कंपनीचा आकडा एका व्होल्टला १०३ डेसिबल, म्हणजे चांगलाच मोठा आवाज. एक व्होल्ट तर फोनला लावायचा चांगला छोटा डॉन्गलही देतो. मी खोलीत बसून जे ऐकते ते त्याच्या कितीतरी खाली असतं. मोठ्या अँपनं आवाज सुधारत नाही असं मी म्हणणार नाही; आधी डॉन्गलवर महिनाभर ऐका आणि मग ठरवा, एवढंच म्हणेन.

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अँपनं ऊब वाढते असं म्हणतात, ते या हेडफोनच्या बाबतीत खरं आहे आणि त्यात जादू काही नाही. ६५० चा इम्पीडन्स सगळीकडे ३०० राहत नाही. खाली शंभर हर्ट्झच्या जरा अलीकडे तो पाचशेच्या आसपास चढतो. ज्या अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स शंभरएक ओहम आहे, त्याच्यावर लावला की त्या भागाला व्होल्टेज थोडं जास्त मिळतं. हिशेब केला तर वाढ डेसिबलभराची. हौस असेल तर तेवढ्यासाठी काचेच्या नळ्या तापवाव्यात. एप्रिल-मे महिन्यात गोव्यात आणखी एखादी वस्तू तापवायची माझी तयारी नाही.

खरा शत्रू अँप नव्हे, पंखा. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. पंखा पाचवर असला की विलंबितातला पहिला मिनिटभराचा आलाप त्याच्या घरघरीत जातो, आणि बंद केला तर घामानं जीव जातो. मी दोनवर ठेवते. ओपन-बॅकचं एक बरं, कानाभोवती हवा खेळते, कान उकडत नाहीत. मखमली गाद्यांना मात्र दमट हवा सोसत नाही. पावसाळ्यात हेडफोन नुसता कपाटात ठेवला तर गाद्यांवर पांढरी बुरशी येते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. पुड्या ओल्या झाल्या की बदलाव्यात. गाद्या दबून चपट्या झाल्या तर त्याही बदलाव्यात, कारण कान पडद्याच्या जवळ गेला की आवाजाचा तोल हलतो.

आणि घरातली माणसं. जाळीतून बाहेरचं आत येतं तसं आतलं बाहेर जातं. रात्री नवरा शेजारी झोपलेला असताना हा हेडफोन चालत नाही. बसमध्ये, फेरीबोटीत तर नाहीच. पण दुपारी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसून ऐकताना मला पदेराचा (पाववाल्याचा) भोंगा कळतो, कुकरची तिसरी शिट्टी कळते, आणि शेजारच्या खुर्चीवर तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंना माझं गाणं कळतं. ‘कितें आयकता गो?’ असं विचारून त्या उत्तराची वाट बघत नाहीत, थोड्या वेळानं स्वतःच गुणगुणायला लागतात. कधी कधी त्या अंतऱ्याकडे माझ्या आधी पोचतात. बंद हेडफोन लावून बसणाऱ्या सुनेबद्दल त्यांचं काय मत झालं असतं ते मला माहीत आहे.

परवा बाई घरी आल्या तेव्हा त्यांना ऐकवला. वेणीवरून पट्टा बसवायला वेळ लागला. डोळे मिटून त्यांनी अर्धा ख्याल ऐकला, मध्ये एकदा मान हलवली, आणि हेडफोन काढून म्हणाल्या, ‘आवाज खरा आहे हो. पण तो डग्गा केवढा पुढे आलाय! गाणाऱ्यापेक्षा मोठा. त्याला जरा मागे बसवता येत नाही का?’ मी फोनमधला इक्वलायझर उघडून शंभर हर्ट्झच्या आसपासचं दीड-दोन डेसिबल उतरवलं. त्या म्हणाल्या, आता ठीक.

संध्याकाळी दिरानं तोच हेडफोन लावला आणि आपलं वागातोरचं काहीतरी सुरू केलं. दोन मिनिटांत बाहेर येऊन मला विचारतो, ‘वहिनी, यात बेस कुठंय?’ मी इक्वलायझर पुन्हा सरळ करून दिला. त्याचं म्हणणं बदललं नाही. त्याची किक, म्हणजे ढोलाचा ठोका, पन्नास हर्ट्झच्या आसपास आणि खाली धडकते, आणि तिथे हा हेडफोन आधीच घरी निघून गेलेला असतो. मी त्याला काळी एकचा हिशेब सांगायला सुरुवात केली, पण तोवर त्यानं स्वतःचा डीटी ९९० डोक्यावर चढवला होता. तोही उघड्या पाठीचा असल्यामुळे पुढचा तासभर त्याचं ट्रान्स घरातल्या सगळ्यांनी ऐकलं, सासूबाईंसकट. त्यांनी मात्र त्यावर काही गुणगुणलं नाही.