देवघरातला गोंगाट

आजची अख्खी दुपार माझ्या हॅम रेडिओवरचा नॉइज, म्हणजे नको असलेली खरखर, मोजण्यात गेली. पंधरा दिवस झाले, २० मीटरच्या बँडवर एफटी८ (क्षीण सिग्नलसाठीचा डिजिटल मोड) लावलं की वॉटरफॉल, म्हणजे स्क्रीनवरचा सिग्नलचा रंगीत पट, नॉइजनं नुसता पिवळाधमक आणि डीकोड, म्हणजे वाचता आलेले संदेश, जेमतेम दोन-चार. मी आपला गच्चीवरच्या डायपोल अँटेनाला शिव्या घालतोय.

आज रिसीव्हरची पातळी आपोआप सांभाळणारा एजीसी बंद केला, अँटेना काढून तिच्या जागी ५० ओमचा डमी लोड (नुसता रोध) लावला आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८च्या सॉफ्टवेअरमधला पातळी दाखवणारा हिरवा बार ३० डीबीवर (डेसिबल) आणून ठेवला. मग बाकी कशाला हात न लावता परत अँटेना. थेट ५६! अँटेना जोडल्यावर नॉइज वाढायलाच हवा, नाहीतर रिसीव्हर बहिरा. पण २६ डीबी? म्हणजे घरातच कुणीतरी बोंबलतंय.

रेडिओ आणि लॅपटॉप बॅटरीवर घेतले, मेन स्विच पाडला. बार धाडकन ४१ वर. मग एकेक एमसीबी वर करत गेलो. चोर सापडला देवघरात! गणपतीत आणलेल्या एलईडी माळेचा काळा, हलका, कोंबट अ‍ॅडाप्टर.

"देवापुढची माळ कशाला काढलीस रे?" आई. काय सांगणार? म्हटलं, समई लावू.

एफटी८ला २५०० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या नॉइजच्या २१ डीबी खालचा सिग्नलही वाचता येतो. पल्सर या स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्यांवरच्या कामासाठी १९९३ चं नोबेल मिळवलेल्या जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँकी यांच्यासोबत २०१७ मध्ये हा मोड आणला. आणि मी त्यातले १५ डीबी एका माळेवर उधळत होतो.

संध्याकाळी जपानचं एक स्टेशन आलं, उणे १९ डीबीवर. समई अजून तेवतेय.