तुम्ही विचारलंत म्हणून: छोट्या संघानं सप्टेंबरात कुणाशी खेळावं?

लेक किंवा भाचा अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम विद्यापीठात शिकायला गेला की घरचे तिथला कॉलेज फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल, आपला सॉकर नव्हे) बघू लागतात, आणि मग हा प्रश्न येतोच: आमचा संघ दरवर्षी सप्टेंबरात बलाढ्यांच्या मैदानावर मार खायला का जातो? 2024 मध्ये केंट स्टेट टेनेसीकडून 71-0 हरलं, तेव्हाही अनेकांनी तेच विचारलं.

पैशासाठी, हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. वरच्या गटात, म्हणजे एफबीएसमध्ये, मोसमात 12 सामने असतात. मिड-अमेरिकन किंवा सन बेल्टसारख्या छोट्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या लीगमध्ये, त्यातले 8 आपसातले, ते कॉन्फरन्स आखते. उरलेले 4 विद्यापीठाचा क्रीडा संचालक ठरवतो, बऱ्याचदा काही वर्षं आधीच. मोठा संघ घरी बोलावतो, तिकिटांचं उत्पन्न ठेवतो आणि पाहुण्याला ठरलेली रक्कम देतो. परतीचा सामना नसतो. 2007 मध्ये मिशिगननं ॲपलॅचियन स्टेटला 4 लाख डॉलर दिले आणि सामना 34-32 असा गमावला. 2024 मध्ये नोटर डेमनं नॉर्दर्न इलिनॉयला 14 लाख दिले आणि 16-14 असा गमावला. सगळ्यांच्या लक्षात राहतात ते हेच सामने.

संचालकानं मात्र केंट स्टेटचं 2022 लक्षात ठेवावं. चारपैकी तीन सामने वॉशिंग्टन, ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या मैदानांवर. तिन्ही हरले, जॉर्जियाला 39-22 असं झुंजवूनसुद्धा. मोसम संपला 5-7 वर, म्हणजे 5 विजय आणि 7 पराभव. आणि बाऊल सामन्यासाठी, म्हणजे मोसमानंतरच्या मानाच्या सामन्यासाठी, लागतात 6 विजय. तीनपैकी एक जरी बरोबरीच्या संघाशी असता तर डिसेंबरात खेळण्याची आशा राहिली असती. शिवाय अंगावर बसणारा मार धावफलकात दिसत नाही. चौथ्या क्वार्टरला मोठा संघ ताजे लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेतले धडका देणारे खेळाडू, उतरवतो, छोट्याचे तेच पाच जण उभे असतात. घोटा किंवा गुडघा दुखावलेला माणूस कॉन्फरन्सच्या पहिल्या सामन्याला बाकावर बसतो, आणि करंडक तर तिथेच मिळायचा असतो.

म्हणून मांडणी पैशापासून नाही, सहाव्या विजयापासून सुरू करावी. एक सामना खालच्या एफसीएस गटातल्या संघाशी, घरच्या मैदानावर. एकच, कारण सहाच्या हिशेबात असा एकच विजय धरतात. ॲपलॅचियन स्टेट 2022 मध्ये नेमकं इथेच अडकलं. टेक्सस ए अँड एमला त्यांच्या मैदानावर 17-14 हरवलं, मोसम 6-6 वर आणला, तरी बाऊल नाही. कारण सिटाडेल आणि रॉबर्ट मॉरिस हे दोन्ही विजय एफसीएस संघांवरचे. दुसरा सामना बरोबरीच्या संघाशी, एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. तिसरा मोठ्या कॉन्फरन्समधल्या, पण आवाक्यातल्या संघाशी. दोनदा आपण गेलो तरी चालेल, एकदा त्यांनी यायलाच हवं. नॉर्थ कॅरोलायना त्याच 2022 मध्ये ॲपलॅचियन स्टेटच्या गावी, बूनला, आलं, 63-61 असं जेमतेम जिंकून गेलं. गावात असा सामना भरतो तेव्हा पुढच्या वर्षीची हंगामी तिकिटंही खपतात. चौथा पैशाचा. तो पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात घ्यावा, सगळे धडधाकट असताना. नोव्हेंबरातलं आमंत्रण रक्कम मोठी असली तरी नाकारावं, असं माझं ठाम मत आहे. पैशाचे दोन सामने घ्यावेच लागले तर ते सलग शनिवारी नकोत. मध्ये एफसीएसचा सामना किंवा सुट्टीचा आठवडा हवा.

अगदी सोपी यादीही महागात पडते. 2023 मध्ये लिबर्टीनं 13-0 अशी मजल मारली, पण कॉन्फरन्सबाहेरच्या चार सामन्यांत मोठ्या कॉन्फरन्सचा एकही संघ नव्हता. राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफसाठी संघ निवडणाऱ्या समितीच्या शेवटच्या क्रमवारीत ते 23वे राहिले. पुढच्या वर्षी बॉयसी स्टेट बलाढ्य ओरेगॉनच्या मैदानावर 37-34 असं हरलं, आणि तरी 12 संघांच्या प्लेऑफमध्ये त्यांना तिसरं मानांकन मिळालं. तीन गुणांची ती हार त्यांच्या पथ्यावरच पडली.

आता करार. त्यात सर्वांत महत्त्वाचं कलम रद्द करण्याच्या भरपाईचं. भरपाई सामन्याच्या रकमेपेक्षा कमी लिहिली तर मोठा संघ ती भरून सहज मोकळा होतो, आणि मे-जूनमध्ये रिकामा शनिवार भरायला कुणी सापडत नाही. सापडला तर दुसरा एफसीएस संघ. एसईसी ही मोठी कॉन्फरन्स 2026 पासून कॉन्फरन्सचे 8 ऐवजी 9 सामने खेळते, म्हणजे तिथल्या प्रत्येक संघाकडे बाहेरच्यांसाठी एक जागा कमी. त्यांच्याशी पुढच्या वर्षांचे जुने करार असतील, तर हे कलम आणि तारीख बदलण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे संचालकानं आधी काढून वाचावं.