पौषातली परिषद: आतापर्यंतचा जमाखर्च

मंडळी, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेवरच्या आपल्या परिषदेची तारीख ठरली. पौषातला शनिवार, जळगावातल्या एका महाविद्यालयाचं सभागृह, दीडशे माणसं, भाषणं मराठीतून. ज्यांना आपापल्या गावात असं काही करायचंय, त्यांच्यासाठी ही नोंद जरा सविस्तर लिहितोय. भेटेल तो पहिला प्रश्न एकच विचारतो, पैसे कुठून आणणार?

आधी पौषाचं सांगतो, कारण आमच्या बजेटमधली सगळ्यात मोठी बचत तिथेच झाली. पौषात लग्नं नसतात. मार्गशीर्षात आचारी, मंडपवाला, साउंडवाला, जनरेटरवाला यांच्याकडे दर विचारायची सोय नसते, त्यांच्या वह्या भरलेल्या असतात. पौषात तीच माणसं मोकळी असतात, शांतपणे बसून बोलतात आणि दरही उतरवतात. अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, विचार झाला होता. अखजीला सगळा खानदेश घरी येतो, पण त्या दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे असतो आणि सभागृह थंड ठेवायला जेवणापेक्षा जास्त खर्च येईल. दिवाळीला लोक घरी असतात, पण घरातून निघत नाहीत. पौषात थंडी असते, भरताची वांगी ऐन बहरात असतात, आणि विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा उरकत आलेल्या असतात.

आता आकडे. सभागृहाला भाडं नाही, पण सफाई, शिपाई आणि इलेक्ट्रिशियन यांचे मिळून पाच हजार धरलेत. जनरेटरचं डिझेल चार हजार. बॅज आणि एक बॅनर, तीन हजार. हे बारा हजार माणसं दहा येवोत की दीडशे, लागणारच. नाश्ता, दोनदा चहा आणि दुपारचं जेवण मिळून माणशी एकशे ऐंशी रुपये. वक्ते आणि विद्यार्थी-स्वयंसेवक मिळून पंचवीस जण बिनतिकिटाचे, त्यांच्या जेवणाचे साडेचार हजार. म्हणजे स्थिर खर्च साडेसोळा हजार.

तिकीट दोन प्रकारचं: विद्यार्थ्यांना दोनशे, नोकरी-धंदा करणाऱ्यांना पाचशे. विद्यार्थ्याच्या दोनशेतून त्याचं जेवण वजा केलं की वीस रुपये उरतात. नोकरदाराच्या पाचशेतून तीनशे वीस उरतात. साडेसोळा हजारांना तीनशे विसांनी भागा. पाचशेची बावन्न तिकिटं गेली की, विद्यार्थी किती का येईनात, परिषद कोणाच्याही खिशाला हात न लावता उभी राहते. हा बावन्नचा आकडा हाती आला त्या दिवसापासून आमच्या बैठका लहान झाल्या. आधी तासन्‌तास ‘प्रायोजक मिळाला नाही तर काय’ यावर चर्चा चालायची. आता प्रत्येकाला माहीत आहे की काम काय आहे: बावन्न माणसं.

आमचा अंदाज साठ नोकरदार आणि नव्वद विद्यार्थी असा आहे. तसं झालं तर अठ्ठेचाळीस हजार जमा, साडेत्रेचाळीस खर्च. शंभरच आले, चाळीस आणि साठ, तर अडीच हजार कमी पडतात. तेवढे आयोजक गट भरेल, ते पहिल्याच बैठकीत ठरलंय. ज्यांना स्वतःचं असं काही करायचं असेल त्यांना मनापासून सांगतो, ही वाईट दिवसाची बेरीज आधी करा आणि ती कोण भरणार ते नावानिशी लिहून ठेवा. नंतर हा विषय काढला की मैत्री ताणली जाते.

बावन्न माणसं कुठून आणायची? जळगाव-धुळ्यात सॉफ्टवेअरचं काम करणारे आहेत, पण खानदेशातून शिकून गेलेले बहुतेक पुणे, नाशिक, मुंबईत आहेत. त्यांना शुक्रवारी रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने बसता आलं पाहिजे, शनिवारी सकाळी जळगावात उतरता आलं पाहिजे, आणि रविवार आईवडिलांकडे घालवता आला पाहिजे. म्हणून शनिवार. रविवार ठेवला असता तर यातले निम्मे आले नसते. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी सुरू होतं, पूर्वी एकशे वीस होते. त्यामुळे भाषणांचे प्रस्ताव घेण्याची शेवटची तारीख आम्ही रेल्वेवरून ठरवली: परिषदेच्या पंचाहत्तर दिवस आधी प्रस्ताव बंद, आठवड्याभरात निवड, आणि आरक्षण उघडेल त्या सकाळी वक्त्यांची तिकिटं. उशीर झाला की स्लीपरची जागा जाते आणि मग ट्रॅव्हल्सचे दुप्पट पैसे.

तिकिटावरून आमच्यात खरा वाद झाला तो वक्त्यांबद्दल. अमेरिकेतल्या पायकॉन या पायथॉन परिषदेची जुनी प्रथा अशी की आयोजक, वक्ते, सगळेच नोंदणीचे पैसे भरतात आणि ज्याला परवडत नाही त्याला मदतनिधीतून आधार मिळतो. मला ही पद्धत फार आवडते, त्यात कोणी उपकार करत नाही आणि कोणी उपकार घेत नाही. मी ती मांडली. अमळनेरच्या ताई लगेच म्हणाल्या, “आपण घरी बोलवायचं आणि ताटाचे पैसे मागायचे? आपल्याकडे असं चालत नाही, भाऊ.” त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं, मलाही. वक्ते पाहुणे. आयोजक मात्र पाचशेचं तिकीट काढणार, म्हणजे बावन्नपैकी पहिली काही तिकिटं घरातूनच गेली.

फुकट का ठेवत नाही, असं एका प्राध्यापकांनी विचारलं. फुकटच्या कार्यक्रमाला नाव नोंदवणारे बरेच जण येत नाहीत, आणि आचाऱ्याला आकडा मात्र आदल्या दिवशी द्यावा लागतो. दोनशे रुपये भरलेला मुलगा सकाळी साडेआठला दारात असतो. ज्याला दोनशेही जड आहेत त्याच्यासाठी वीस तिकिटांचा निधी वेगळा काढतोय. पाचशेचं तिकीट काढणाऱ्याला ‘अजून एका विद्यार्थ्याचे दोनशे’ असा एक जास्तीचा चौकोन फॉर्मवर दिसतो. चौकशी नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. मागणाऱ्याने एक ओळ लिहायची, बस्स.

पैसे घेण्याचा मार्ग यूपीआय. जानेवारी २०२० पासून त्यावर व्यापाऱ्याला शुल्क लागत नाही. पेमेंट गेटवेवाले साधारण दोन टक्के आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी घेतात, म्हणजे पाचशेमागे जवळजवळ बारा रुपये. आकडा लहान दिसतो, पण विद्यार्थ्याच्या दोनशेमागचे जवळजवळ पाच रुपये आमच्याकडे त्याच्या उरलेल्या वीस रुपयांतून जातात. गैरसोय एवढीच की जमा रक्कम आणि नावं हाताने जुळवावी लागतात. त्यासाठी आमच्यातल्या एकीने छोटी पायथॉन स्क्रिप्ट लिहिली आहे, बँकेची सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) आणि फॉर्मची सीएसव्ही व्यवहार क्रमांकावर जोडणारी. ती सगळ्यांसाठी खुली करणार आहोत.

खातं कोणाचं, हा प्रश्न मात्र स्क्रिप्टने सुटत नाही. कुणा एकाच्या बचत खात्यात हे पैसे येऊ द्यायचे नाहीत, हे पहिल्यापासून पक्कं होतं. नोंदणी करून संस्था काढायची तर १८६० चा संस्था नोंदणी कायदा, १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, धर्मादाय आयुक्त, दरवर्षीचं लेखापरीक्षण; एका दिवसाच्या परिषदेसाठी हे ओझं मोठं आहे. शहरातल्या एका जुन्या वाचनालयाने त्यांच्या खात्यातून व्यवहार करू द्यायचं मान्य केलं, हिशोब वेगळा ठेवण्याच्या अटीवर. त्यांचे लेखापरीक्षक आमचीही पावती-पुस्तकं बघणार. यापेक्षा चांगलं काही मागायची माझी इच्छा नाही.

परदेशी अनुदानाचा रस्ता आम्ही सोडून दिला. २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी नसलेल्या संस्थेला असं अनुदान घेता येत नाही, आणि वाचनालयाकडे ती नोंदणी नाही. शिवाय पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनसारख्या जगभरच्या परिषदांना हात देणाऱ्या संस्थेलाही ऑगस्ट २०२५ मध्ये अनुदान कार्यक्रम थांबवावा लागला होता, वर्षाची रक्कम आधीच संपली म्हणून. दूरच्या विहिरीवर इथली शेती उभी करू नये, असं माझं ठाम मत झालंय.

मग प्रायोजक कशासाठी? बावन्न तिकिटांवर जे उभं राहतं त्याच्या वर चढवायचे थर आहेत. पहिला थर वक्त्यांचा प्रवास, बारा हजार. दुसरा आवाज आणि ध्वनिमुद्रण, आठ हजार. तिसरा धडगाव, अक्कलकुवा, नवापूरकडच्या विद्यार्थ्यांचा प्रवास. याच क्रमाने पैसे लावायचे, एक थर पूर्ण झाल्याशिवाय पुढच्याला हात नाही. टी-शर्ट यादीत नाहीत, पिशव्या नाहीत, स्मृतिचिन्हं नाहीत. वक्त्यांना सावदा-रावेरच्या केळीचा एक घड देऊ; जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि ती भेट कपाटावर धूळ खात पडत नाही.

पुण्यातल्या कंपन्यांना पत्रं गेली. एक-दोन ठिकाणी होकार आहे, पण आधी विक्रेता नोंदणी, पॅन, रद्द केलेला धनादेश, आणि पैसे बिल दिल्यावर पंचेचाळीस ते साठ दिवसांनी. टीडीएस कापूनच. म्हणजे परिषद होऊन आचाऱ्याचे पैसे दिले गेल्यावर त्यांचे पैसे येणार. असे होकार आम्ही वहीत वेगळ्या पानावर लिहितो आणि जमेत धरत नाही. बँकेत आले तरच जमा.

खरा आनंद दिला तो एमआयडीसी आणि बाजार समितीकडच्या फेऱ्यांनी. एका डाळमिलच्या शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “यात माझ्या फलकाचं काय करू मी? माझी डाळ तुमची पोरं थोडीच पोत्याने घेणार आहेत! मला सांगा, वजनकाट्याचा आकडा थेट बिलात येईल असं कोणी करून देईल का?” आम्ही एकमेकांकडे बघितलं. तिथेच ठरलं की दुपारचा एक तास स्थानिक धंद्यांच्या अडचणींसाठी ठेवायचा. शेठ येतील, दहा मिनिटं अडचण सांगतील, आणि मुलं त्यावर बसतील. वजनकाटे बहुधा सिरियल पोर्टवरून (संगणकाला जोडायच्या केबलवरून) आकडा पाठवतात, पायथॉनच्या पायसिरियल लायब्ररीने तो वाचता येतो, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलाच्या आवाक्यातलं काम. शेठनी पाच हजार रोख पावतीवर दिले आणि वरणासाठी तूरडाळ देतो म्हणाले. केळीच्या एका व्यापाऱ्याने आणि ठिबकच्या एका दुकानदाराने असेच प्रश्न आणि अशीच मदत दिली. पहिला थर यातूनच भरत आलाय. पुण्याच्या पत्रांत आम्ही ‘ब्रँडची ओळख’ वगैरे लिहीत होतो. इथे कोणाला त्याची गरज नाही, त्यांना काम येणारी मुलं हवीत.

पावती-पुस्तक गणेश मंडळाच्या वर्गणीसारखंच आहे, आणि शेवटी जमाखर्चाचा फलकही तसाच दारात लावणार. रुपयान्‌ रुपया.

जेवण: वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, भात. बुफे नको, पंगत. ताटात कमी वाया जातं आणि आचाऱ्याचा दर बसतो. भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा आग्रह फार होता, पण पावणेदोनशे माणसांच्या भाकरी थापायला बायका जास्त लागतात आणि दर सव्वापट होतो. आदल्या रात्री बाहेरगावच्या वक्त्यांसाठी असोद्याजवळच्या एका शेतात भरीत होईल, ते आयोजकांच्या घरचं, हिशोबाबाहेरचं. वक्त्यांची राहायची सोयही घरोघरी.

सजावटीवर एकच वाक्य: १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या साहित्यातून सगळं नगर उभं केलं होतं, आणि त्याच तालुक्याशेजारी राहून आम्ही फ्लेक्सच्या कमानीवर पैसे घालवणार नाही.

इंटरनेटची जादा लाइन घेत नाही. सकाळच्या कार्यशाळेला लागणारी पॅकेजेस (पायथॉनला जोडायचे तयार कोड) ‘पिप डाउनलोड’ या आज्ञेने आधीच एका फोल्डरात उतरवून लॅपटॉपवरून स्थानिक नेटवर्कवर देणार, मुलं ‘नो-इंडेक्स’ (इंटरनेटवर न शोधण्याचा) पर्याय वापरून तिथूनच बसवतील. विंडोज आणि लिनक्सच्या व्हील, म्हणजे बसवायच्या तयार फाइली, वेगळ्या उतरवाव्या लागतात आणि पायथॉनची आवृत्तीही जुळावी लागते, म्हणून नोंदणी फॉर्ममध्ये ते दोन प्रश्न घातलेत. चित्रीकरण ओबीएस या सॉफ्टवेअरवर, फुकट. पैसे कॉलर माइकवर. चित्र थोडं धूसर चालतं, आवाज नाही.

मुलींच्या येण्याजाण्यासाठी कार्यक्रम साडेचारला संपवतोय. नंदुरबारची शेवटची सोयीची गाडी आणि धुळ्याच्या एसट्या गाठता याव्यात म्हणून दुपारचं एक भाषण कमी केलं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, त्यामुळे तिसऱ्या थरातल्या तेवढ्याच पैशांत मुली जास्त येऊ शकतात. तक्रार ऐकायला एक बाई आणि एक पुरुष नेमलेत, त्यांचे फोन नंबर बॅजच्या मागे छापू.

आजची स्थिती: पाचशेची एकतीस तिकिटं गेली. एकवीस बाकी. भाषणांचे प्रस्ताव यायला लागलेत, दोन चक्क अहिराणीत आहेत, एक शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरवर आणि एक नियमित पदावलींवर (मजकुरातले नमुने शोधायच्या रेग्युलर एक्स्प्रेशन्सवर), पाच-पाच मिनिटांचे. दोन्ही घेतले. पुढच्या आठवड्यात आचाऱ्याला इसार द्यायचा आहे आणि साउंडवाल्याकडे दोन कॉलर माइक घेऊन सभागृहात आवाज तपासायचा आहे. कोणाकडे पडून असलेलं एचडीएमआय कॅप्चर कार्ड (पडद्यावरचं चित्र संगणकात घेणारं) असेल तर एका दिवसापुरतं हवंय. रविवारी परत मिळेल.