वास ‘नॉर्मल’ लिहिला गेला आणि चार महिने गेले

सर्दी आठ दिवसांत बरी झाली, वास मात्र परत आला नाही. साबण नाकाशी धरला तरी नुसता गार ओलावा जाणवायचा. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी टॉर्चने नाक तपासलं. पुढे जे झालं त्याची चीड अजून गेलेली नाही.

डॉक्टरांनी ट्रेमधला स्पिरिटचा बोळा उचलून थेट नाकाखाली धरला. डोळ्यांत पाणी आलं, मी मान मागे घेतली. “येतोय की वास!” म्हणत त्यांनी केसपेपरवर लिहिलं, ‘वास : नॉर्मल’. “वास नाही हो, झोंबलं,” असं मी म्हणेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

झोंबणं वेगळं, वास वेगळा. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी पहिली वासाची. जळजळ, गारवा, झिणझिण्या पाचवी नस कळवते, आणि वास पूर्ण गेलेल्या माणसाचीही ती शाबूत असू शकते. म्हणून अमोनियासारखं उग्र काही हुंगवून वास तपासत नाहीत. स्पिरिटच्या बोळ्याची रीतसर चाचणी आहे, पण ती अशी नव्हे: डोळे मिटायचे, बोळा नाकाच्या ३० सेंटीमीटर खालून सुरू करायचा, दर उच्छ्वासाला एकेक सेंटीमीटर वर आणायचा आणि कितव्या सेंटीमीटरला वास आला ते लिहायचं. उत्तर अंतरात येतं, ‘हो-नाही’त नाही.

पण तो एक शब्द माझ्या पुढे पुढे चालत राहिला. पुढच्या दोन्ही भेटींत माझ्याकडे बघण्याआधी तो वाचला गेला. “रिपोर्ट नॉर्मल आहे, ताण घेऊ नका.” असे चार महिने!

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी एक पेटी उघडली. स्केचपेनसारखी १२ पेनं, प्रत्येकात एक वास. टोपण काढून पेन नाकापासून २ सेंटीमीटरवर तीनेक सेकंद धरायचं आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. ‘माहीत नाही’ चालत नाही. मला आधी राग आला, मग पटलं: निव्वळ अंदाजानेही सरासरी ३ बरोबर येतात. माझे ४ आले, आणि त्यातलं पेपरमिंट गारव्यावरून ओळखलेलं. पाच मिनिटांत काम झालं. पाच मिनिटं!

अशा चाचणीला जाण्याआधी पंधरा मिनिटं पाण्याशिवाय काही खाऊ-पिऊ नका, अत्तर लावू नका. ‘चव गेली’ असं सांगू नका. मी तसंच सांगितलं होतं. गोड, खारट, आंबट, कडू जिभेला कळत असेल तर बाकीचा स्वाद बहुतेक नाकाचा असतो, हे आधी माहीत असतं तर नीट सांगितलं असतं. आणि घरी गॅसगळतीचा अलार्म लगेच बसवा, निदानाची वाट बघू नका.

उपाय साधा निघाला: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी अशा चार बाटल्या, सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन हुंगायच्या, किमान १२ आठवडे. दहाव्या आठवड्यात गुलाबाच्या बाटलीतून क्षणभर काहीतरी गोडसर आलं. मी बाटली बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा आलं.

परवा परत चाचणी झाली, १२ पैकी ७. तो आकडा केसपेपरवर लिहिला जाईपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही.