प्लेट काढली, रॉड ठेवला

ज्यांच्या घरात कुणाचा पाय मोडलाय, ते मला भेटले की चौथ्या-पाचव्या वाक्याला हेच विचारतात: "हाड जुळलं, आता ते आतलं काढायचं की राहू द्यायचं?" माझ्या एकाच पायात दोन्ही उत्तरं आहेत. नडगीच्या हाडातला रॉड अजून आत आहे. बाहेरच्या घोट्यावरची प्लेट, सात स्क्रूंसकट, मी दीड वर्षानं काढून घेतली. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून, हा फरक का केला ते सांगते.

"परकी वस्तू अंगात कशाला ठेवायची?" हे मी इतक्या जणांकडून ऐकलं की मलाही ते पटायला लागलं होतं. पण या प्लेटा आणि रॉड टायटॅनियमचे किंवा खास प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचे असतात, शरीरात राहण्यासाठीच बनवलेले. मोठ्या माणसाला काही त्रास नसेल तर नुसते आहेत म्हणून ते काढायची गरज नसते. पुढे कधी एमआरआय लागला तर तोही बहुतेकदा करता येतो, धातूच्या आजूबाजूचं चित्र तेवढं बिघडतं. वाढत्या वयाच्या मुलांचं गणित वेगळं, त्यांच्या बाबतीत पुष्कळदा काढायचा सल्ला देतात. आणि जंतुसंसर्ग झाला किंवा स्क्रू सैल होऊन वर आला, तर प्रश्नच उरत नाही, काढावंच लागतं.

माझं तसं काही नव्हतं. एक्स-रे उत्तम होता. पण घोट्याच्या बाहेरच्या अंगाला हाडावर मांस नसतंच, कातडी आणि लगेच हाड. रात्री पायावरून बोट फिरवलं की स्क्रूची डोकी एकेक करून मोजता यायची. बुटाची कड नेमकी तिसऱ्या स्क्रूवर घासायची. कुशीवर झोपले की गादीसुद्धा टोचायची. मांडी घालणं मी सोडूनच दिलं होतं.

डॉक्टरांनी एकच सांगितलं, "कुठे दुखतं ते एका बोटानं दाखवा." घोट्यावर मी डोळे मिटून बोट ठेवलं, बरोबर त्या स्क्रूवर. मग म्हणाले, "आता गुडघा." रॉड गुडघ्याच्या खालून आत घालतात, आणि गुडघे टेकले की माझा गुडघा दुखतोच. पण तिथे माझं बोट नेमकं कुठे टेकेना. मी अख्खा तळवा फिरवला. त्यावर ते म्हणाले, "हे दुखणं रॉड काढून जाईलच, असा शब्द मी देणार नाही." रॉड काढूनही काहींचा गुडघा दुखतच राहतो, आणि काढायला पुन्हा तिथूनच आत शिरावं लागतं. माझा निर्णय तिथेच झाला. अजूनही कुणी विचारलं की मी आधी हेच विचारते: बोट ठेवता येतं का?

"बघू पुढे कधीतरी" असंही पुष्कळजण म्हणतात. त्यात एक मेख आहे. टायटॅनियम हाडाला धरून बसतं. स्वीडनच्या ब्रोनेमार्क या संशोधकांनी 1952 मध्ये सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं एक उपकरण बसवलं होतं, आणि काम झाल्यावर ते निघेचना. दातांची इम्प्लांट्स पुढे याच गुणावर उभी राहिली, पण काढणाऱ्या सर्जनला हाच गुण नडतो. माझे सहा स्क्रू सुटले, सातव्याची खाच झिजून गुळगुळीत झाली. उलट्या आट्यांचं वेगळं हत्यार घालून तो काढावा लागला. अर्ध्या तासाचं काम दीड तासावर गेलं. पण घाईही चालत नाही: हाड पुरतं भरायच्या आत प्लेट काढली तर ते पुन्हा मोडू शकतं.

एक काम मात्र आजच करा. पहिल्या ऑपरेशनचा कागद शोधून ठेवा. कंपनी कोणती, स्क्रू कोणते, हे त्यावर असतं. स्क्रूच्या डोक्याची खाच षटकोनी की चांदणीसारखी, त्यावर पेचकस ठरतो, आणि योग्य पेचकस हाताशी नसला तर ऑपरेशन टेबलावर फार अडतं.

काढल्यावर काय? दुसऱ्या दिवसापासून मला चालू दिलं, पण धावणं आणि उड्या तीन महिने बंद. स्क्रूंची भोकं हाडात तशीच राहतात, ती भरेपर्यंत हाड तिथे कच्चं असतं. मला त्या दिवसांत खरंच भीती वाटायची, जिना उतरताना कठडा सोडत नव्हते. शिवाय पावलाच्या वरच्या बाजूला रुपयाएवढी जागा बधीर झाली आहे. त्या वाटेनं कातडीची नस जाते, ऑपरेशनआधी हे मला सांगितलं होतं, मी सही केली होती. बोट लावलं की कापडावरून लावल्यासारखं वाटतं. माझ्या बाबतीत तो सौदा मला मान्य आहे, कारण मी बूट घालून दिवसभर उभी राहू शकते आणि मांडीही घालते. तुमचा घोटा टोचत नसेल तर हीच बधीर जागा तुम्हाला फुकटचं नुकसान वाटेल, आणि ते बरोबरच असेल.

गुडघे टेकायची वेळ आली की मी टॉवेलची घडी खाली घेते. तेवढ्यासाठी गुडघा पुन्हा उघडायला मी तयार नाही.